हापूस विकणाऱ्या मराठी साइटसाठी व्हिजिटर मोजायला कोणतं टूल घ्यावं?

पेटी_देवगड

नमस्कार मंडळी. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर हापूसची थेट विक्री करणारी साइट आहे. सोबत मराठीत लेख आहेत: आंबा घरी कसा पिकवायचा, देवगड हापूस ओळखायचा कसा, पेटी आल्यावर काय करायचं वगैरे. होस्टिंग शेअर्ड आहे, सीपॅनेल मिळतं, पीएचपी आणि मायएसक्यूएल मिळतं, डॉकर चालत नाही. एरवी महिन्याला १५ हजार पेजव्ह्यू, मार्च ते मे या तीन महिन्यांत ६०-७० हजारांवर जातात.

लिंक फिरते ती मुख्यतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत, थोडीफार फेसबुकवर. गूगलची जाहिरात फक्त एप्रिलमध्ये. ऑर्डर तीन वाटांनी येते: साइटवर यूपीआय किंवा कार्डाने, व्हॉट्सॲपच्या बटणावरून, आणि फोनवर. थोडं गिऱ्हाईक लंडन आणि जर्मनीतलं आहे, ते इथल्या घरच्यांसाठी पेटी पाठवतात.

सध्या जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) लावलेलं आहे आणि सीपॅनेलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स आपोआप चालतं. एकाच महिन्याचे आकडे असे: एडब्ल्यूस्टॅट्स म्हणतं ४१ हजार भेटी, जीए४ म्हणतं ९,८०० सेशन (भेटी). त्यातही जीए४ मध्ये एंगेजमेंट रेट ९७ टक्के दिसतो आणि अर्ध्याहून जास्त ट्रॅफिक ‘डायरेक्ट’, म्हणजे कुठून आलं ते न कळलेलं, आहे.

विचारायचं ते एवढंच: खरा आकडा कोणता? हेच टूल ठेवावं की मटोमो, प्लॉझिबल, क्लॅरिटी यांपैकी काही घ्यावं? आणि कुकीची (ब्राउझरमध्ये ठेवायच्या खुणेची) परवानगी विचारणारी पट्टी लावणं गरजेचं आहे का?

---

लॉगवही

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. हे एकदा मनात बसलं की पुढची निवड सोपी जाते.

एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरची लॉग फाइल वाचतं. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी त्यात असते, ब्राउझरने केलेली असो की यंत्राने. गूगलबॉट, बिंगबॉट, जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, एसइओवाल्यांचे क्रॉलर, वर्डप्रेसचं लॉगिन पान ठोकत बसणारे बॉट, आणि कुणी ग्रुपवर लिंक टाकली की प्रीव्ह्यूसाठी पान उचलणारा व्हॉट्सॲपचा स्वतःचा फेचर, सगळे तिथे हजर. एडब्ल्यूस्टॅट्स ओळखीचे बॉट वेगळे काढतं, पण जो क्रोम असल्याची बतावणी करतो तो माणूस म्हणून मोजला जातो. वर एकच आयपी ६० मिनिटांनी परत आला की नवी भेट.

जीए४ उलट बाजूने चालतं. पान उघडलं, जावास्क्रिप्ट चालली, विनंती गूगलपर्यंत पोचली, तरच मोजणी. यूब्लॉकसारखा ॲडब्लॉकर लावलेला, ब्रेव्ह ब्राउझर वापरणारा, किंवा नेट मंद म्हणून स्क्रिप्ट येण्याआधीच मागे गेलेला वाचक त्यात येत नाही. म्हणून लॉगचा आकडा सहसा फुगलेला आणि जीए४ चा सहसा कमी. हा फरक पुसता येत नाही. दोन टूलांचा मेळ बसवण्यात दिवस घालवू नका. एकाच टूलचा हा आठवडा आणि मागचा आठवडा ताडून पाहा, तिथे चूक दोन्हीकडे सारखीच असते.

लॉग फेकून मात्र देऊ नका. सीपॅनेलमध्ये ‘रॉ ॲक्सेस’मध्ये जाऊन लॉग होम डिरेक्टरीत साठवण्याची खूण करा, नाहीतर प्रक्रिया झाल्यावर त्या पुसल्या जातात. ती फाइल उतरवून आपल्या संगणकावर गोॲक्सेस या लॉग वाचणाऱ्या टूलमध्ये ‘कंबाइंड’ फॉरमॅट देऊन उघडा आणि क्रॉलर वगळण्याचा पर्याय लावा. ‘पान सापडलं नाही’चे ४०४ कुठे येतात, कुठला बॉट होस्टिंगचा कोटा खातो, ऐन गर्दीत सर्व्हर दमल्याचे ५०३ आले का, हे जीए४ नीट सांगणार नाही. साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेमागे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लॉगमध्ये वाचकाऐवजी क्लाउडफ्लेअरचे आयपी दिसतील, होस्टिंगवाल्याकडून मूळ आयपी लॉगमध्ये आणण्याची सोय करून घ्यावी लागते. दोन, पूर्ण पानाची साठवलेली प्रत (कॅश) तिथूनच दिली जात असेल तर ती भेट तुमच्या लॉगपर्यंत येतच नाही.

---

टॅगकरी

एंगेजमेंट रेट ९७ टक्के हा आकडा चांगला नाही, तो बिघाड आहे. आधी तो दुरुस्त करा, टूल बदलायचं नंतर पाहू.

जीए४ कुठलं सेशन ‘एंगेज्ड’ धरतं? १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेलं, किंवा ज्यात एखादा की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) घडला, किंवा ज्यात दोन किंवा जास्त पेजव्ह्यू झाले. आता एकाच पानावर टॅग, म्हणजे मोजणीचा कोड, दोनदा लागला असेल, समजा गूगलच्या साइट किट प्लगइनने एक आणि गूगलच्याच टॅग मॅनेजरने दुसरा, तर पान उघडताक्षणी दोन पेजव्ह्यू जातात आणि प्रत्येक सेशन आपोआप एंगेज्ड ठरतं. खात्री अशी करा: संगणकावर क्रोममध्ये साइट उघडा, एफ१२, नेटवर्क टॅब, शोधाच्या चौकटीत ‘कलेक्ट’ हा शब्द रोमनमध्ये लिहा, पान रिफ्रेश करा. पेजव्ह्यूची विनंती एकदाच दिसली पाहिजे. दोनदा दिसली तर एक टॅग काढा. थीमच्या हेडरमध्ये कुणी हाताने कोड चिकटवून ठेवलेला असतो, तोही तपासा. दुरुस्तीनंतर पेजव्ह्यू निम्म्यावर येतील, ती घट खरी नसते. त्या दिवसाची तारीख वहीत टिपून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी ‘वाचक का घटले’ म्हणून शोधत बसाल.

उलटा बिघाडही तितकाच नेहमीचा आहे. कॅश किंवा स्पीड वाढवणाऱ्या प्लगइनमध्ये ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ असा पर्याय असतो. तो चालू असला की वाचकाने स्क्रोल किंवा टॅप करेपर्यंत एकही स्क्रिप्ट चालत नाही. जो पान पाहून तसाच परत गेला तो मोजलाच जात नाही. वेगाचा स्कोअर हिरवा होतो आणि व्हिजिटर गायब होतात. टॅगची फाइल त्या यादीतून वगळा, निदान चेकआउट आणि ऑर्डर झाल्याच्या पानावर तरी.

आता जीए४ च्या ज्या सेटिंग्ज पहिल्याच दिवशी करायच्या असतात आणि सहसा राहून जातात त्या.

डेटा रिटेन्शन. डिफॉल्ट दोन महिने असतं, ते १४ करा. ॲडमिनमध्ये ‘डेटा रिटेन्शन’ पाहा. साधे तयार रिपोर्ट याने अडत नाहीत, पण एक्सप्लोरेशन या स्वतः बनवायच्या रिपोर्टमध्ये खोलवर जायचं तर दोनच महिने मागे जाता येतं. तुमचा धंदा वर्षातून एका मोसमाचा. या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी करता आली नाही तर टूल असून उपयोग काय? १४ महिन्यांत गेला मोसम सापडतो, त्याच्या आधीचा नाही. त्यासाठी बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेसला जोडा. साधारण प्रॉपर्टीला रोजची निर्यात दिवसाला १० लाख इव्हेंटपर्यंत मिळते, तुमचं त्याच्या जवळपासही जाणार नाही. महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबी क्वेरी फुकट आहे. मात्र बिलिंग न जोडता सँडबॉक्समध्येच राहिलात तर टेबलं ६० दिवसांनी पुसली जातात, आणि जोडण्याआधीचा डेटा मागून येत नाही. म्हणून आज जोडा, वापरा भले पुढच्या वर्षी.

टाइम झोन. प्रॉपर्टी बनवताना देश बदलला नसेल तर अमेरिकेची पॅसिफिक वेळ लागते. मग तुमचा ‘दिवस’ भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला उजाडतो. सकाळी ग्रुपवर मेसेज टाकला आणि विक्री ‘काल’ दिसली, असं होतं ते यामुळे. चलनही रुपया करा.

पेमेंट गेटवे. गिऱ्हाईक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातं आणि परत येतं, तेव्हा त्या विक्रीचं श्रेय गेटवेच्या डोमेनला जाऊ शकतं. डेटा स्ट्रीम, ‘कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज’, ‘शो ऑल’, ‘लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स’ या वाटेने जाऊन ते डोमेन यादीत टाका.

आणि आता सगळ्यात मोठी गळती. यूपीआयने पैसे भरताना माणूस ब्राउझर सोडून ॲपमध्ये जातो. पैसे गेल्याची खूण दिसली की बरेच जण परत ब्राउझरमध्ये येतच नाहीत. ‘धन्यवाद’चं पान उघडलं नाही, म्हणजे पर्चेसचा इव्हेंट गेला नाही, म्हणजे जीए४ च्या लेखी विक्री झालीच नाही. वूकॉमर्समध्ये मात्र वेबहुकने, म्हणजे गेटवेने परस्पर साइटच्या सर्व्हरला दिलेल्या निरोपाने, ऑर्डर पक्की झालेली असते. पक्का उपाय सर्व्हरवरून पाठवण्याचा आहे. ऑर्डर तयार होताना वाचकाच्या जीए कुकीतला क्लायंट आयडी, म्हणजे कुकीच्या किमतीतले ठिपक्याने जोडलेले शेवटचे दोन आकडे, ऑर्डरच्या मेटामध्ये जपून ठेवा. सेशन आयडीही ठेवा. वेबहुक आला की मेजरमेंट प्रोटोकॉलने, म्हणजे सर्व्हरवरून थेट जीए४ ला इव्हेंट पाठवण्याच्या सोयीने, पर्चेस पाठवा. ७२ तासांपर्यंत मागची वेळ घालता येते. ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून ऑर्डर नंबर द्याच, त्यामुळे पान रिफ्रेश झालं तरी तीच ऑर्डर दुसऱ्यांदा धरली जात नाही. तो रिकामा गेला तर उलट घोळ होतो: रिकाम्या आयडीच्या सगळ्या ऑर्डरी एकच समजून गाळल्या जातात.

हे जमत नसेल तर विक्रीचा आकडा जीए४ मधून घेऊच नका. तो वूकॉमर्समधून घ्या आणि जीए४ ला फक्त ‘कुठून आले’ हे विचारा.

---

आपला_सर्व्हर

टॅगकरींचं म्हणणं बरोबर, पण एवढं सगळं करूनही डेटा दुसऱ्याच्या घरी राहतो. युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ ला बंद झालं आणि वर्षभराने जुने रिपोर्ट उघडायचीही सोय गेली. ज्यांनी उतरवून घेतलं नव्हतं त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब संपला. हंगामी धंद्याला पाच मोसमांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता यायला हवेत.

म्हणून माझा कौल मटोमोला. पूर्वीचं पिविक ते हेच, २०१८ पासून मटोमो. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, म्हणजे तुमच्या होस्टिंगवर बसेल. प्लॉझिबलला क्लिकहाउस हा डेटाबेस लागतो, उमामी या तशाच टूलला नोड आणि पोस्टग्रेस, ती दोन्ही शेअर्ड होस्टिंगवर बसवण्याचा विचार सोडून द्या. प्लॉझिबल घ्यायचंच तर त्यांच्या क्लाउडवर महिन्याचे पैसे भरून.

बसवताना: वेगळा सबडोमेन आणि वेगळा डेटाबेस घ्या, वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये घुसवू नका. मटोमोचं वर्डप्रेस प्लगइन मिळतं, पण ते त्याच डेटाबेसमध्ये लिहितं आणि ऐन एप्रिलमध्ये चेकआउट मंदावू शकतं. मटोमोची स्वतःची शिफारस महिन्याला १ लाख पेजव्ह्यूपर्यंत २ सीपीयू, २ जीबी रॅम आणि ५० जीबी एसएसडी अशी आहे. शेअर्ड होस्टिंग याच्या काठावर येतं. परवडत असेल तर मार्च ते मे छोटा व्हीपीएस (फक्त तुमच्यासाठीचा आभासी सर्व्हर) घ्या.

सगळ्यात जास्त अडखळतं ते आर्काइव्हिंगला. डिफॉल्टमध्ये तुम्ही रिपोर्ट उघडला की मटोमो तेव्हाच कच्च्या नोंदींची बेरीज करायला बसतं. महिन्याचा रिपोर्ट उघडला, पान दोन मिनिटं फिरत राहिलं, मग ५०० एरर, असं दिसलं की कारण तेच. सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) तासातून एकदा, पूर्ण तासाला नको, पाच मिनिटांनी, कन्सोलची ‘कोअर आर्काइव्ह’ आज्ञा लावा. पूर्ण तासाला शेअर्ड सर्व्हरवर सगळ्यांचेच क्रॉन एकदम धावतात. मग जनरल सेटिंग्जमध्ये ब्राउझरमधून आर्काइव्ह करणं बंद करा. फक्त क्रॉन लावला आणि हे बंद केलं नाही तर फायदा अर्धाच.

डेटाबेस फुगतो तो भेटी आणि कृती यांच्या कच्च्या टेबलांनी. प्रायव्हसीमध्ये जुना कच्चा डेटा ठरावीक दिवसांनी पुसण्याची सोय आहे, ती १४-१५ महिन्यांवर लावा. बेरीज झालेले रिपोर्ट तसेच राहतात, म्हणजे मोसमांची तुलना कायम. हीटमॅप आणि रेकॉर्डिंगचं प्लगइन विकत आहे, ते मात्र घेऊ नका, त्याची जागा मायक्रोसॉफ्टची क्लॅरिटी फुकट भरून काढते.

एक गैरसमज आधीच काढतो. आपल्या डोमेनवर आहे म्हणून ॲडब्लॉकर सोडेल असं नाही. मटोमोच्या फाइलींची नेहमीची नावंच ब्लॉकच्या याद्यांत आहेत.

---

मोबाइल_नजर

प्लॉझिबलसारख्या बिनकुकीच्या टूलांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या देशातल्या मोबाइल वाचकांवर तिचा थेट परिणाम होतो.

कुकी नाही, मग हा माणूस आज आधी येऊन गेला का हे कसं कळतं? रोज बदलणारी एक गुप्त किंमत, साइटचं डोमेन, आयपी आणि ब्राउझरचं यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) यांचा मिळून एक सांकेतिक कोड, म्हणजे हॅश, काढतात. दिवस संपला की ती किंमत पुसतात. खासगीपणासाठी हे उत्तम. पण क्रोमने अँड्रॉइडवरचं यूजर एजंट आखूड करून टाकलंय. खरा फोन कुठलाही असो, तिथे ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’ हे अक्षर येतं. क्रोमची मुख्य आवृत्ती सोडली तर वेगळेपण उरत नाही. त्यात मोबाइल कंपन्या एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवतात. साइट आयपीव्ही६ वर नसेल तर त्याच पत्त्यामागचे, त्याच आवृत्तीचे क्रोमवाले दहा जण एकच व्हिजिटर ठरू शकतात. पेजव्ह्यू बरोबर येतात, युनिक व्हिजिटर कमी. उलट त्याच वाचकाने महिन्यात आठ वेगवेगळ्या दिवशी पान उघडलं तर महिन्याच्या बेरजेत तो आठ जण होतो. ‘परत आलेलं गिऱ्हाईक किती’ हा प्रश्न या टूलांना विचारायचाच नाही. मटोमोमध्ये कुकी बंद केल्या तर तिथेही थोडंफार हेच.

कुकी असल्या तरी सगळं सुरळीत असतं असंही नाही. सफारी जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसते, त्यामुळे लंडनचा आयफोनवाला दहा दिवसांनी आला की नवा माणूस. फेसबुकच्या आतल्या ब्राउझरची कुकी वेगळी, क्रोमची वेगळी, तो एकच माणूस दोनदा मोजला जातो.

क्लाउडफ्लेअरचं वेब ॲनालिटिक्स फुकट आणि हलकं आहे, पण त्यात स्वतःचे इव्हेंट नाहीत आणि यूटीएम, म्हणजे लिंकला जोडायची स्रोताची खूण, नाही. विक्रीच्या साइटला अपुरं.

शहरांच्या यादीवर तर अजिबात विसंबू नका. मोबाइल आयपीचं ठिकाण कंपनीचं नेटवर्क जिथे बाहेर पडतं तिथलं दिसतं. कणकवलीतला वाचक मुंबईत दिसू शकतो. पुण्यात गाडी किती पेट्यांची पाठवायची हे ठरवायला ऑर्डरीतले पिनकोड घ्या, ॲनालिटिक्सचा नकाशा नको.

---

पेटी_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅग खरंच दोनदा लागलेला निघाला, साइट किट आणि थीमचा हेडर. हेडरमधला काढला.

अजून दोन गोष्टी. ‘डायरेक्ट’मध्ये अर्धं ट्रॅफिक आहे, ते व्हॉट्सॲपचंच असणार, ते वेगळं कसं काढायचं? आणि रिपोर्टमध्ये मराठी पत्त्यांची पानं टक्के आणि ई-शून्य अशी लांबलचक दिसतात, काही पानं दोन-दोन ओळींत येतात.

---

टॅगकरी

दोन-दोन ओळींचं कारण ऐका. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून तीन चिन्हांचा. म्हणजे एका अक्षराला नऊ चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी अक्षरं. ‘देवगड-हापूस-ओळखायचा-कसा’ या स्लगमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावात, अशी वीस अक्षरं आणि तीन डॅश, मिळून १८३ चिन्हं. वर्डप्रेसची मर्यादा २००, त्यामुळे साधारण २२ अक्षरांपुढचा स्लग कापला जातो. वर्डप्रेस ही चिन्हं छोट्या रोमन अक्षरांत लिहितं, तर कुणी मराठी पत्ता तसाच चिकटवला की ब्राउझर मोठ्या अक्षरांत बनवतो. पान एकच उघडतं, पण टूलच्या लेखी पत्ते दोन.

उपाय दोन. नवीन लेखांचे स्लग रोमनमध्ये आणि आखूड ठेवा, मथळा हवा तेवढा मराठी असू दे. जुन्यांचे बदलू नका, ग्रुपांत फिरलेल्या लिंका मोडतील. त्यांच्यासाठी टॅग मॅनेजरमध्ये एक व्हेरिएबल करून पेज लोकेशन (पानाचा पत्ता) पाठवण्याआधी पत्त्यातली टक्केवाली चिन्हं छोट्या अक्षरांत आणा.

आणखी एक खोच. जीए४ मध्ये इव्हेंटसोबत पाठवलेल्या स्वतःच्या पॅरामीटरची (जास्तीच्या माहितीची) किंमत १०० चिन्हांवर कापली जाते. स्लग तसाच पाठवलात तर ‘देवगड-हापूस-’ आणि पुढच्या अक्षराचा तुकडा एवढंच उरतं, आणि त्या दोन शब्दांनी सुरू होणारे बरेच लेख एका ओळीत जमा होतात. स्लगऐवजी पोस्टचा नंबर पाठवा.

व्हॉट्सॲप बहुतेक वेळा रेफरर, म्हणजे वाचक कुठून आला ते, देत नाही, म्हणून तिथून आलेला वाचक डायरेक्ट. यूटीएमशिवाय इलाज नाही. सोर्समध्ये व्हॉट्सॲप, मीडियममध्ये सोशल, कॅम्पेनमध्ये मोसम आणि गट, सगळं रोमन छोट्या अक्षरांत. एकदा मोठं अक्षर आलं की वेगळी ओळ पडते. मीडियममध्ये मनाने ‘ग्रुप’ असं काही लिहिलंत तर जीए४ ते ‘अनअसाइन्ड’मध्ये टाकू शकतं.

एवढी लांब लिंक ग्रुपवर टाकली तर लोक यूटीएम छाटून पुढे पाठवतात. म्हणून आपल्याच डोमेनवर छोटा पत्ता करा, प्रत्येक मोठ्या ग्रुपसाठी वेगळा, आणि तो यूटीएमवाल्या पानाकडे वळवा. वळवताना ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण, वापरा. ३०१ हे कायमचं वळण ब्राउझर लक्षात ठेवतो, पुढच्या वर्षी कॅम्पेन बदललंत तरी जुन्या फोनवर जुनंच उघडत राहील. साइटच्या आतल्या लिंकांना यूटीएम कधी लावू नका, स्रोताचा हिशेब तिथेच बिघडतो.

व्हॉट्सॲप बटणाच्या ऑर्डरी: जीए४ ची एन्हान्स्ड मेजरमेंट ही सेटिंग चालू असेल तर बाहेरच्या लिंकवरचा क्लिक आपोआप नोंदला जातो. लिंक डोमेन व्हॉट्सॲपच्या छोट्या पत्त्याचं असेल तर त्यातून नवा इव्हेंट बनवा आणि त्याला की इव्हेंट करा. मागचा डेटा यात येत नाही, म्हणून फेब्रुवारीतच करा. फोनच्या लिंकसाठी टॅग मॅनेजरमध्ये वेगळा क्लिक ट्रिगर लावा. शिवाय बटणाच्या तयार मेसेजमध्ये पानाचा छोटा कोड घाला, ‘नमस्कार, दोन डझनची पेटी हवी, के-७’ असा. ऑर्डर लिहून घेणाऱ्याने तो कोड वहीत टिपला की कुठल्या लेखाने पेटी विकली हे कळतं. कुठलंही टूल हे इतकं सरळ सांगणार नाही.

---

संमती_आणि_साइट

कुकीच्या पट्टीबद्दल. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीसंबंधीच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे २०२७ चा मोसम संपता संपता त्या लागू. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची मुभा वाचकाला द्यावी लागते. तुमची साइट मराठी आहे, सूचनाही आत्ताच साध्या मराठीत लिहा: काय गोळा करतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, बंद करायचं तर कुठे सांगायचं.

जर्मनीच्या वाचकांना कुकी ठेवण्याआधी विचारलं पाहिजे, ब्रिटनच्या वाचकांनाही विचारलेलं बरं. गूगलच्या कन्सेंट मोडमध्ये प्रदेशानुसार डिफॉल्ट ठरवता येतो, त्या देशांसाठी ‘नाकारलेलं’ ठेवून पट्टी फक्त तिथे दाखवा.

क्लॅरिटी जरूर लावा, पण समजून. लोक चेकआउटवर कुठे अडतात, कुठलं बटण रागाने दहादा दाबतात, हे रेकॉर्डिंगमध्ये डोळ्यांनी दिसतं. रेकॉर्डिंग साधारण ३० दिवस राहतं, म्हणजे ऐन मोसमात आठवड्याला वीस-पंचवीस पाहायला बसावं लागेल. मास्किंग, म्हणजे रेकॉर्डिंगमधला मजकूर झाकणं, डिफॉल्टला ‘बॅलन्स्ड’ असतं. त्यात फॉर्मच्या चौकटी झाकल्या जातात, पण ऑर्डर झाल्यावर पानावर जे नाव आणि पत्ता छापून येतो तो साधा मजकूर असतो. पूर्ण साइटला ‘स्ट्रिक्ट’ लावा किंवा ऑर्डर झाल्याच्या आणि ‘माझं खातं’च्या पानांवर क्लॅरिटी चालूच देऊ नका. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला घरचा पत्ता तिसऱ्याच्या सर्व्हरवर चित्रफितीत जाऊन बसू नये.

जीए४ मध्येही हेच. पार्सल शोधण्याच्या लिंकमध्ये मोबाइल नंबर येत असेल तर डेटा स्ट्रीममधल्या ‘रिडॅक्ट डेटा’मध्ये त्या क्वेरी पॅरामीटरचं नाव घाला.

---

पेटी_देवगड

ठरवलं ते असं. जीए४ ठेवतो, रिटेन्शन १४ महिने, बिगक्वेरी बिलिंगसकट जोडली. मटोमो सबडोमेनवर बसवून फेब्रुवारीपासून शेजारी चालवतो. क्लॅरिटी फक्त १५ मार्च ते ३१ मे, स्ट्रिक्टवर. विक्री वूकॉमर्समधून, गावं पिनकोडवरून. मेजरमेंट प्रोटोकॉल या मोसमात जमणार नाही.

---

लॉगवही

चांगलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटी एक चाचणी करून घ्या. मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून, छोट्या लिंकवरून या, लेख वाचा, एका रुपयाच्या कूपनवर यूपीआयने ऑर्डर करा आणि मुद्दाम ब्राउझरमध्ये परत येऊ नका. मग तीच चाचणी परत येऊन करा. वूकॉमर्समध्ये दोन ऑर्डरी आणि जीए४ मध्ये एक पर्चेस दिसलं पाहिजे. जीए४ चे पक्के रिपोर्ट यायला २४ ते ४८ तास लागतात, तेव्हा लगेच शोधू नका, तोवर रिअलटाइम पाहा.

आणि २०२५ च्या उत्तरार्धात बऱ्याच साइटींच्या जीए४ मध्ये सिंगापूर आणि चीनमधल्या लानझोऊ शहरातून ‘डायरेक्ट’ भेटींचा लोंढा दिसला होता, ज्यात कुणी काही वाचत नाही. तसं दिसलं तर ते आंब्याचं गिऱ्हाईक नाही. रिपोर्टमध्ये ती दोन ठिकाणं वगळून पाहा, आणि त्याच वेळेची लॉग उघडा. लॉगमध्ये त्यांच्या नोंदीच नसतील तर ते साइटवर आलेच नाहीत, नुसते तुमच्या मेजरमेंट आयडीवर (जीए४ मधल्या तुमच्या साइटच्या ओळख-क्रमांकावर) खोटे इव्हेंट पाठवत होते.